डाग न धरणारी भिंत

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गारखेड्यात तिच्यासाठी मागं पट्टा असलेल्या चपला बघत होतो. फोन ठेवला आणि दुकानदाराला म्हणालो, "बांधा, हाच नंबर." तशीच पिशवी घेऊन दवाखान्यात पोचलो. असले पराक्रम मला जन्मभर जमत आले, पण भिंतीचा पराक्रम या सगळ्यांच्या वरचा.

स्तनाच्या कॅन्सरवरची केमो संपली तेव्हा ताईच्या हातापायांचे तळवे नि बोटं बधिर झाली होती. चप्पल पायात आहे की मागं राहिली, हे तिला खाली बघूनच कळायचं. नसांना इजा झालीय, पण चालणं सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मग पुंडलिकनगरच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीपासून मोरीपर्यंत, ती सकाळ-संध्याकाळ वीस फेऱ्या घालायची, उजवा तळहात भिंतीला घासत. जुन्या चुन्याचा खरबरीतपणा तेवढा तिच्या हाताला लागायचा. "पाय कुठं पडतेत ते मला नाय कळत बंड्या, ही भिंत सांगते." काही महिन्यांत भिंतीवर काळपट पट्टा उमटला.

ती तपासण्यांसाठी आठवडाभर दवाखान्यात होती, तेव्हा तिला खूश करायचं माझ्या डोक्यात आलं. भिंत घासून घेतली, वर चकचकीत गुलाबी ऑइलपेंट. रंगारी म्हणाला, "साब, अब ये दाग पकडतीच नै."

ताईनं घरी येऊन भिंतीवर हात ठेवला, दोन पावलं टाकली. "काय लावलं रं हिला? हाताला काहीच लागत नाय..." तिसऱ्या पावलाला ती पडली. हाड शाबूत राहिलं, पण पंधरा दिवस ती फेऱ्यांचं नाव काढेना. मी म्हणालो, "रंग आवडला नाय का?" ती हसली नाही. म्हणाली, "लई शहाणा हैस. तुझा तो खरबरीत खादीचा सदरा घाल अन् इकडं ये. आता तूच भिंत हो."

मग माझ्या खांद्यावर हात ठेवून फेऱ्या सुरू झाल्या. विसाच्या दहा, दुखणं उलटल्यावर तीन... शेवटी शेवटी ती विचारायची, "हाय ना रं माझा हात?" एकदा तो कधीच खाली घसरला होता. मी म्हणालो, "हाय की."

चपला अजून पिशवीतच आहेत. संध्याकाळी मी तो सदरा घालून मोरीपर्यंत जाऊन येतो, भिंत निरखत, कुठं बोटाएवढी तरी खूण असेल म्हणून. रंगारी खरं बोलला होता.