पत्ते वगळून

माझी मावशी वाचनालयात कंप्युटर सांभाळते. माझी ती सख्खी मावशी, पण तिथे साहेबांपासून झाडूवाल्या बाईंपर्यंत सगळेच तिला मावशी म्हणतात आणि एकाच सुरात हाक मारतात, "मावशीऽऽ, हे परत अडकलं!" मावशी खुर्चीतून न उठता विचारते, "अडकलं की अडकवलंत?" निम्म्या वेळा यंत्र तेवढ्यावरच सुटतं.

दोन महिन्यांपूर्वी बावीस नवे कंप्युटर आले. नवे कसले! आधीच्या भाडेकरूने सामान तसंच टाकून जावं, तसे भरलेले. हिरे जुळवायचा खेळ, पेशन्सचे पत्ते, खरेदीचं दुकान, झोप मोजणारं काहीतरी. कुणी मागवलेलं नाही, पण सगळं हजर. यंत्र सुरू व्हायला इतका वेळ लागायचा की पुस्तक परत करायला आलेला माणूस रांगेत ते दुसऱ्यांदा वाचून काढायचा.

शेवटी साहेब आले. साहेब आधी घसा साफ करतात आणि मग प्रत्येक वाक्याच्या शेवटी खुंटी ठोकतात. "ख्खं. मावशी, शुक्रवारपर्यंत सगळं साफ पाहिजे, काय? खेळ एकही दिसता कामा नये, काय?"

हाताने काढत बसायचं तर मावशीची निवृत्ती आली असती. तिने स्क्रिप्ट लिहायला घेतली, म्हणजे यंत्राला एकदाच नीट लिहून द्यायचा हुकूम: या यादीतलं ठेव, बाकीचं उपट. नुसतं वरचं उपटूनही भागत नाही. नवा माणूस येऊन बसला की यंत्र आतल्या साठ्यातून तेच ताट पुन्हा वाढतं. म्हणून साठाही रिकामा करायचा. "गवत काढायचं आणि बीही," मावशी म्हणाली.

पण कुणाचं काही उपटण्याआधी विचारायचं, हा तिचा नेम. ती टेबलाटेबलाशी फिरली.

देवघेवीच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "खेळ? मी? अगं, मला पाणी प्यायला फुरसत नाही!" त्यांच्या मागे पडद्यावर हिरे धडाधड फुटत होते.

जुनी पुस्तकं बांधणारे डिंककाका म्हणाले, "माझं काय, काढा की."

'ठेव' यादीत उरलं गणकयंत्र, फोटो आणि घड्याळ. इतकी सज्जन कचेरी जगात दुसरी नसेल.

मावशीने मग स्क्रिप्ट नुसती नावापुरती चालवली. त्यात काहीच काढलं जात नाही, काय काय जाणार तेवढं यंत्र सांगतं. तो कागद तिने फलकावर लावला आणि खाली लिहिलं, 'हे जाणार. हरकत असल्यास बोला.' लोक बघून पुढे जायचे. डिंककाका मात्र एकाच दिवसात तीनदा त्याच्यासमोर उभे राहिले, एका ओळीवर बोट ठेवून. बोलले काहीच नाहीत.

ते चौथ्यांदा येऊन गेले, तशी मावशी उठली. चहाचे दोन कप घेऊन बांधणीच्या खोलीत गेली, मी मागोमाग. टेबलावर शिवायची पुस्तकं रचून ठेवलेली, सुईदोरा तसाच पडलेला. काका उजव्या हाताने माऊस धरून एक पत्ता सरकवत होते, जिन्यावरून कपाट उतरवावं इतक्या जपून.

"अर्धांगाच्या झटक्यानंतर डॉक्टर म्हणाले, बोटांना काम द्या," काका म्हणाले. "सुई अजून धरवत नाही. पण पत्ता उचलतो. आधी दिवसात एक डाव व्हायचा नाही, आता चार होतात."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? कामाच्या वेळात पत्ते खेळतो म्हणून? साहेबांनी आधीच मुदत दिलीय. महिनाअखेर सुई धरली नाही तर बांधणीचं काम बाहेर देणार आणि मला घरी बसवणार."

मावशीने चहा संपवला आणि स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली: बांधणीच्या खोलीतलं यंत्र, पत्ते वगळून. मग यादी साहेबांपुढे ठेवली.

"ख्खं. हे पत्ते कसले, काय?"

"औषध आहे. चला, दाखवते."

साहेब दारात येऊन उभे राहिले. काकांच्या कानशिलावर घाम. राजा एका जागी, राणी दुसऱ्या जागी, आणि हात मध्येच थांबलेला. साहेबांचा घसा दोनदा साफ झाला. तिसऱ्यांदा त्यांना राहवलंच नाही. "अहो, काळी राणी लाल राजावर टाका ना! खालचा एक्का सुटतोय, काय!"

मावशीने फक्त मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"म्हणजे... तसं दिसतंय," साहेब म्हणाले आणि भिंतीला टेकवूनच सही केली. "ख्खं. ही सवलत आणखी कुणाला...?"

"तुमचा हात दुखतो?"

"नाही."

"मग नाही."

शुक्रवारी दुपारी स्क्रिप्ट चालली. एकवीस यंत्रं लख्ख. देवघेवीच्या बाई धावत आल्या. "मावशी, माझे हिरे!"

"कुठले हिरे?"

"काही नाही गं. सहज."

महिना संपायला चार दिवस होते, तेव्हा काकांनी सुईत दोरा ओवला. एक पातळसं पुस्तक शिवायला सकाळची दुपार झाली. टाके जरा दारू प्यायल्यासारखे होते, पण साहेबांनी दोन्ही पुठ्ठे धरून ओढलं, झटकलं, पान निघालं नाही. "ख्खं. काम इथेच राहील, काय?" म्हणाले आणि गेले.

मावशीने यादी काढली. "काका, आता पत्ते काढू?"

"थांबा हो," काका पडद्याकडे बघत म्हणाले. "एवढा डाव लागू दे."