तेल पाजलेला स्टँड

आमच्या मुरबे गावात कीबोर्डला सगळे ‘लाईटवाली पेटी’ म्हणायचे. नव्वदीची सुरुवात होती. माझा थोरला भाऊ बोईसरच्या एका कारखान्यात वेल्डिंगचं काम करायचा. तिथल्या कॉलनीतल्या एका साहेबांची बदली झाली, त्यांनी घरातलं नको ते सामान काढलं आणि भाऊ त्यातला कीबोर्ड चादरीत गुंडाळून घरी घेऊन आला. मी शाळेत प्रार्थनेला हार्मोनियम वाजवायचे, तेवढीच माझी विद्या. पण त्या पेटीचं बटण दाबलं आणि आतून ढोलकी वाजायला लागली तेव्हा मी अशी काही नाचले, की शेजारची काकी कुणाला काय चावलं म्हणून धावत आली.

आईला मात्र ती पेटी पहिल्या दिवसापासून खुपायची. आई बोईसरच्या बाजारात मासळी विकायची. पहाटे टेंपोने जायची, दुपारी परत, आणि मग वलांडीवर, म्हणजे बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर, वाळत घातलेले बोंबील. मी वाजवायला बसले की ती मुद्दाम पाठ करून बसायची आणि बोंबील निवडायची. पोरगी दहावी झाली, आता तिने मासळीची पाटी उचलावी, गिऱ्हाईक ओळखायला शिकावं, असं तिचं साधं म्हणणं होतं. बोटांनी टुकटुक करून कुणाचं पोट भरलंय, असं ती पेटीकडे बघून विचारायची. पेटी काय उत्तर देणार?

तर खाडीपलीकडे सातपाटीत एक बँजो पार्टी होती. साखरपुडे, हळदी, वराती, सगळीकडे तीच. पार्टीचे मास्तर स्वतः बँजो वाजवायचे, आणि त्यांचा कीबोर्डवाला जहाजावर नोकरी लागून निघून गेला होता. मास्तर आमच्या गावात कुणाकडे आले असताना त्यांनी माझं वाजवणं ऐकलं. मी बर्फाच्या पेटीवर कीबोर्ड ठेवून, पुढे मांडी घालून वाजवत होते. ते हसले आणि म्हणाले, हात बरा आहे, पण आमच्यात बसून चालत नाही. नाचणारे अंगावर येतात, बोटं तुडवतात. उभं राहून वाजवायचं आणि स्टँड आपला आपण आणायचा. सातपाटीत एक साखरपुडा आहे, तिथे ये, जमलं तर ही सगळी लग्नसराई आमच्याबरोबर. नाही जमलं तर पालघरचा एकजण तयारच आहे.

घरात महाभारत. बाईमाणसाने पुरुषांच्या पार्टीत उभं राहून वाजवायचं, हे आईला काही केल्या पटेना. मी म्हटलं, तू नाही का बाजारात उभी राहून अख्ख्या बोईसरशी भांडत? तिने हातातला बोंबील माझ्या दिशेने भिरकावला. शेवटी बाबा मध्ये पडले. बाबा बोटीवरचा माणूस, बोलायचे कमी. त्यांनी एवढंच ठरवून टाकलं की पोरीला एकदा जाऊ दे. आईने मान्य केलं, पण तिचीही अट होती. मास्तरांनी परत पाठवलं तर पेटी कायमची माळ्यावर आणि दुसऱ्या पहाटे मी तिच्याबरोबर टेंपोत. शिवाय ती स्वतः साखरपुड्याला येणार होती, आपली पोरगी काय दिवे लावते ते बघायला. झालं, माझं सगळं त्या एका दुपारवर येऊन ठेपलं.

आता स्टँड. माझ्या भावाला हुरूप आला. त्याने कारखान्यातले पाइपांचे तुकडे मागून आणले आणि दोन सुट्ट्या खर्चून एक स्टँड जोडला. चार पाय, मध्ये आडवे पाइप, वर चौकट. मजबूत असा, की त्याच्यावर बोटीचं इंजिन ठेवलं असतं तरी हलला नसता. पण आमच्याकडून सातपाटीला जायचं म्हणजे खाडी ओलांडायची. भरतीला होडी किनाऱ्याला लागते, ओहोटीला मात्र गुडघाभर चिखल तुडवत होडीपर्यंत जावं लागतं. मी आणि भाऊ तो स्टँड उचलून अंगणाच्या कडेपर्यंत गेलो आणि दोघांनी एकदमच खाली ठेवला. नाकापेक्षा मोती जड. त्या स्टँडवर पुढे आमचं पाण्याचं पिंप बसलं आणि स्टँडने फार इमानाने चाकरी केली.

मग बाबा म्हणाले, चल पालघरला. होडीने सातपाटी, तिथून एसटी. स्टेशनाजवळ वाद्यांचं एक दुकान होतं, तबल्याडग्यांनी गच्च भरलेलं. दुकानदार सभ्य, हळू बोलणारा. त्याने दोन स्टँड काढले. दोन्ही कात्रीसारखे उघडणारे. एकाला भोकं होती आणि भोकात खीळ घालायची, म्हणजे उंची पक्की. पण तो वजनाला भारी, आणि त्याच्या ठरलेल्या उंच्या मला एक तर हनुवटीला लागायच्या नाहीतर गुडघ्याला. दुसरा हलका, एका हातात उचलता येणारा. त्याच्या मध्ये दोन गोल चकत्या होत्या, त्यांच्यामध्ये रबर, आणि बाहेरून एक मोठा स्क्रू. हव्या त्या उंचीला उघडा, स्क्रू आवळा, की चकत्या एकमेकींना धरून ठेवणार. मला तो बघताक्षणी आवडला.

बाबांना नाही. बाबांनी आयुष्यात डोलकाठी निवडली होती, दोर निवडले होते, त्यांना वस्तू बघायची एकच रीत माहीत. त्यांनी स्टँड उघडायला लावला, स्क्रू स्वतः आवळला आणि त्याच्यावर दोन्ही हात टेकून पाय जमिनीवरून उचलले. दुकानदार किंचाळलाच. हे वाद्य ठेवायला असतं काका, माणूस नाही, असं तो परत परत सांगू लागला. बाबा अधांतरी. स्टँड करकरला, पण खचला नाही. बाबा खाली उतरले, मला म्हणाले, घे. मग त्यांनी पाय रोवून बघायला वाळू मागितली, कारण आपल्याकडे वाळूत उभा करायचाय. दुकानदाराने पालघरच्या दुकानात वाळू कुठून आणावी? त्याने पायांना घालायला रबराचे चार रुंद बूट मात्र दिले, आणि मला वाटतं आम्ही लवकर जावं म्हणूनच दिले.

परतताना होडीत मी तो स्टँड मांडीवर घेऊन बसले होते. होडीतल्या बायकांनी विचारलं, पलंग का गं? मी सगळ्यांना उघडून, मिटून दाखवला. एवढं सुख मला पुढे सोन्याच्या बांगड्या घेतानाही झालेलं नाही, खरं सांगते.

आणि इथे माझ्या बाबांनी घोळ घातला. आमच्याकडे नवीन वस्तू समुद्राच्या वाऱ्याला तशीच ठेवत नाहीत. लोखंड तर दोन आठवड्यांत गंजतं. होडी पावसाआधी वर ओढली की तिला माशाचं तेल पाजायचं, चांगलं मुरेपर्यंत. बाबांना माझा स्टँड इतका आवडला होता, की साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मी शेजारी गेले असताना त्यांनी त्याला अगदी मनापासून तेल पाजलं. पायांना, पाइपांना, आणि जिथे दोन चकत्या मिळतात तिथे तर जास्तच, कारण सांध्यात गंज आधी धरतो. मी परत आले तर अंगणात वाडीतली सगळी मांजरं बसलेली. बाबा मध्ये उभे, चेहरा एकदम कौतुकाचा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. बाबा बिचारे गोंधळून बघत राहिले, आपलं काय चुकलं ते त्यांना कळेचना. मी राख आणि साबण घेतला, नारळाच्या काथ्याने तो स्टँड घासघासून धुतला, उन्हात ठेवला. वास थोडा राहिला, पण मासळीच्या गावात मासळीचा वास कोण मोजतो? स्क्रू आवळून कीबोर्ड ठेवून बघितला, नीट उभा राहिला. चकत्यांच्या आत, रबराच्या मागे काय मुरलंय ते मला दिसत नव्हतं. आई ओसरीवरून सगळं बघत होती. मग पाठ करून पुन्हा बोंबील निवडायला बसली, आणि तेच मला जास्त लागलं.

साखरपुडा दुपारचा. आम्ही तिघं होडीने गेलो. कीबोर्ड बाबांच्या खांद्यावर, स्टँड माझ्या. वाडीतलं एक मांजर खाडीपर्यंत मागे आलं. साखरपुड्याच्या घरासमोर वाळूचं अंगण, वर ताडपत्री, आणि वऱ्हाड हे असं भरलेलं. मास्तरांनी मला बँजोच्या उजव्या हाताला उभं केलं. मी रबराच्या बुटांवर स्टँड उभा केला, दोन्ही हातांनी स्क्रू आवळला, तारा जोडल्या. पहिलं गाणं झकास गेलं. नवरीच्या मामांनी माझ्याकडे बघून मान डोलावली तेव्हा तर मला वाटलं, घेतलीच आता लग्नसराई.

दुसरं गाणं जलद होतं. वऱ्हाडी उठले, नाचायला लागले, जमीन हादरायला लागली. आणि मला वाटलं, मी उंच होतेय. मग कळलं, मी नाही, पेटी खाली जातेय. दुपारच्या उकाड्याने आतलं तेल सुटलं होतं आणि चकत्या एकमेकींवरून मजेत घसरत होत्या. मी थांबले नाही. थांबले असते तर सगळं संपलं असतं. एका हाताने सूर धरून दुसऱ्या हाताने स्क्रू पिळायला गेले, तो गोल गोल नुसता फिरला. कीबोर्ड कमरेखाली आला. मी वाकले. तो मांड्यांपर्यंत आला. मी गुडघे मोडले. समोरची पोरं हसायला लागली. मास्तर वाजवता वाजवता माझ्याकडे बघत होते, भुवया वर. मला बाबा दिसले, गर्दीत खांबासारखे उभे, दोन्ही हात डोक्यावर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

तेवढ्यात गर्दीला कोपर मारत आई पुढे आली. बाजारात ती अशीच वाट काढते. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, पदर खोचला, वाकून कीबोर्डच्या दोन्ही टोकांखाली हात घातले, आणि मासळीने भरलेली पाटी उचलावी तसा एका दमात वर उचलला. स्टँड खाली वाळूत पसरला. कीबोर्ड बरोबर माझ्या कमरेला.

“वाजव,” ती म्हणाली. “मी धरलाय.”

मी वाजवलं. गाणं तिथल्या तिथे उचललं. आईच्या हातात पेटी इतकी स्थिर होती, की त्याहून भक्कम काही मी आजवर वाजवायला घेतलेलं नाही. लोक आमच्याभोवती फेर धरून नाचायला लागले. आणि आई, जी माझं वाजवणं कायम पाठ करून ऐकायची, ती आता वीतभर अंतरावर समोरासमोर होती. तिला बघायला दुसरं काहीच नव्हतं. ती माझी बोटं बघत होती. आधी डावा हात बघितला, मग उजवा, मग दोन्ही. मी एक अवघड जागा घेतली तर तिची मान हलली. कुठेतरी मधेच तिने मला दबक्या आवाजात सांगितलं की तुझ्या बाबांना मी घरी गेल्यावर बघते, आणि मला एवढं हसू आलं की एक सूर चुकला. तोही तिला कळला. तिने डोळे वटारले.

दुसरं संपलं, तिसरं झालं. नाचणाऱ्यांनी चौथं मागितलं. कुणीतरी मधे येऊन आईला म्हणालं, आमी धरतो, तुमी बसा. ती जागची हलली नाही. माझी पोरगी हाय, मीच धरनार, असं तिने त्याला ठणकावलं.

चौथं गाणं थांबल्यावर मास्तर घाम पुसत आमच्याकडे आले. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. ते आईकडे वळले.

“वयनी, लग्नसराई अख्खी हाय. पोरीला पाठवाल काय?”

आईने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे, जे अजून पट्ट्यांवर होते.

“पाठवीन,” ती म्हणाली. “पन आदी ही पेटी कोनीतरी घ्या माज्याकडनं. माजे हात गेले.”

सगळे हसले. मी धावत पलीकडे गेले आणि तिच्या हातांखाली माझे हात घातले. तिचे दंड थरथरत होते, कपाळावरून घाम गालांवर उतरला होता, आणि ती हसत होती.