आसाचं भोक

काल मुलीने तिच्या नव्या फ्लॅटमध्ये शेल्फ लावायला घेतलं. ड्रिल फिरलं, पाइनच्या भुशाचा वास आला आणि मला आखातातल्या ऊद मेथा भागातल्या आमच्या जुन्या घराच्या बाल्कनीतला एक सुट्टीचा शुक्रवार आठवला.

तेव्हा ती नऊ वर्षांची होती. शाळेत लाकडी गाड्यांची शर्यत होती. गाडीची फळी जेमतेम बोटाच्या जाडीची. कडेतून पाडलेलं, चाकांच्या आसाचं भोक जरा तिरकं गेलं की चाक घासणार. दोन फळ्या मी आधीच फोडल्या होत्या. शेवटी एका जाड ठोकळ्यात सरळ भोक पाडलं, तो फळीला क्लॅम्पने आवळला आणि त्यातूनच ड्रिल घातलं. भोक आरपार सरळ गेलं.

"बाबा, कॅन आय डू द नेक्स्ट वन?"

"ही शेवटची फळी आहे. तू फक्त घट्ट धर."

दुसरं भोकही मीच पाडलं. गाडी शर्यतीत दुसरी आली. घरी येताना पदक माझ्या हातात देत ती म्हणाली, "युवर कार वॉज गुड, बाबा." कितीतरी वर्षं मी ते कौतुकच समजत होतो.

काल शेल्फचं पहिलं भोक तिरकं गेलं. ड्रिल घ्यायला माझा हात पुढे झालाच होता. तो मागे घेतला, एक जाड ठोकळा शोधून तिला दिला आणि म्हणालो, "तू पाड. मी फक्त धरतो."