पाहुण्यांचा रिकामा डबा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं मी जे सांगणार आहे त्यावर माझी बायको अजून हसतेय, आणि तिला आवरणं माझ्या हातात नाही. चहा घ्या. साखर कमी वाटली तर तोंडानं मागा हां! मी आपणहून कुणाच्या भांड्यात काही घालत नाही आता. ती खोड मोडलीय माझी.

झालं काय, आपल्या सोलापुरात पुरुषांच्या हँडबॉलची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. आता हँडबॉल म्हणजे काय, हे मला तरी कुठं ठाऊक होतं? अक्कलकोट रोड एमआयडीसीत आपला टॉवेलचा कारखाना. मला सूत कळतं, माग कळतो, खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण शेख सर म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त. तो खेळाचा मास्तर, आणि स्पर्धेच्या स्वागत समितीचा प्रमुख.

"फुटबॉल हातां से खेलते बोलके समझ," तो म्हणाला. "सात इधर, सात उधर. बॉल फेकके गोल मारने का. बस!"

येणारे सगळे संघ नवखे. ज्या देशांत हा खेळ आत्ता कुठं रुजतोय, त्यांचे. त्यातला एक संघ शेख सरानं माझ्यावर सोपवला. कुठल्याशा बेटावरचा देश होता. नाव सांगत नाही, माझ्यापायी त्यांची आधीच लई शोभा झालीय. त्यांचा कॅप्टन चांगला सहा फुटी गडी. त्याचं नाव काही आमच्या जिभेवर बसेना, म्हणून आम्ही त्याला अण्णाच म्हणायला लागलो. तोही 'अण्णा' म्हटलं की वळून बघायचा.

या संघानं आजवर एकही आंतरराष्ट्रीय सामना जिंकला नव्हता. एकही! इथंही हरत हरत साखळीतल्या शेवटच्या सामन्यापर्यंत आले होते. आणि अण्णाचा तर तो आयुष्यातलाच शेवटचा सामना. त्यानंतर तो खेळ सोडणार होता. "एक तरी जिंकून येतो" असं बायकोला सांगून निघालाय, हे त्यानं शेख सराला सांगितलं, शेख सरानं मला. म्हटलं, खेळातलं आपल्याला कळत नाही, पण पाहुणचारात कमी पडायचं नाही.

सामन्याच्या आदल्या दिवशी अख्ख्या संघाला जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं. पोरं सरावावरून थेट आली. कडक भाकरी, शेंगाची चटणी, भरलं वांगं. चटणीनं डोळ्यांत पाणी आलं तरी एकानं ताट सोडलं नाही. जाताना अण्णानं माझ्या बायकोला वाकून नमस्कार केला. सुनीता इतकी खूश झाली की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेसिनपाशी एक डबा सापडला. छोटासा, पांढरा, प्लॅस्टिकचा. त्यावरची अक्षरं आमच्या बापजाद्यांनी कधी वाचली नसतील. आत तळाला काहीतरी पिवळट, घट्ट. बोट लावलं तर बोट निघेना, वास घेतला तर रंगाच्या दुकानात शिरल्यासारखं वाटलं.

"तूप आहे त्यांच्याकडचं," मी ठरवून टाकलं. "प्रवासात खराब झालंय बिचाऱ्यांचं."

"अहो, तूप कुणी खिशात घालून हिंडतं का? विचारा तरी आधी."

"त्यात विचारायचं काय? काल सरावाला मी स्वतः बघितलं, एकेक जण येऊन या डब्यात बोटं बुडवत होता. ताकदीसाठी खात असणार की!"

"खाताना बघितलंत?"

"तू डबा धू गं."

आणि एकदा धुतल्यावर पाहुण्यांचा डबा रिकामा परत द्यायचा? आपल्याकडं देतात का कुणी? शेजारचीनं वाटीभर आमटी पाठवली तरी वाटीत चार शेंगदाणे घालूनच वाटी परत जाते. मग अण्णाचा डबा रिकामा कसा जाणार? घरी कढवलेलं साजूक तूप काढलं आणि गच्च भरला काठापर्यंत. थंडीचे दिवस, तूप छान रवाळ जमलेलं. दिसायलाही अगदी पहिल्यासारखं! मी माझ्या हुशारीवर भलताच खूश झालो.

हॉलवर पोचलो तेव्हा अण्णा वेड्यासारखा बॅगा उपसत होता. माझ्या हातात डबा दिसला आणि गड्यानं मला मिठी मारून उचललंच. सुनीताकडं बघून मी मिशीवर हात फिरवला. तेवढ्यात पंचांनी खेळाडूंना बोलावलं. पोरं घाईनं गोल करून उभी राहिली, डबा फिरला, नजर मैदानावर आणि बोटं डब्यात, नेहमीच्या सवयीनं. एकानंही तोंडात घातलं नाही, सगळ्यांनी तळहाताला चोळलं.

मी म्हटलं, आं?

सामना सुरू झाला. अण्णानं उंच उडी घेतली, हात मागं नेला, फेकला, आणि चेंडू गोलाकडं जायच्या ऐवजी मागं प्रेक्षकांत! दुसऱ्यानं पास दिला, तिसऱ्याच्या हातातून तो थेट छताकडं निघाला. समोरच्या संघाच्या हाती चेंडू आला तर त्यांच्याही हातून सुळ्ळकन निसटायला लागला. वरच्या बाकांवरून माझ्याच कारखान्यातला एकजण ओरडला, "अण्णा, धरा की ओ नीट!"

दोघा पंचांनी खेळ थांबवला. एकानं चेंडू हुंगला. मग दुसऱ्याला हुंगायला दिला. दुसऱ्यानं डोळे मिटून परत एकदा हुंगला. चेंडू बदलला, पण हात तेच ना! अर्धा वेळ संपला तेव्हा आमचा संघ आठ गोलांनी मागं होता आणि हॉलभर पुरणपोळीच्या पंगतीचा वास सुटला होता.

शेख सर माझ्याकडं धावत आला. "उस डब्बे में क्या डाल्या तू?"

"तूप. घरचं आहे, शुद्ध."

"अरे बावा! वो चिकट माल था! हात को लगाते, बॉल पकडने को! आखरी डब्बा था उनका!"

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, ती खरंच सरकते. कोपऱ्यात अण्णा बाकावर बसला होता, आपल्या चकाकणाऱ्या पंजांकडं बघत. मी गेलो, हात जोडले. इंग्रजी आठवेना, म्हणून मराठीतच सांगितलं, "अण्णा, मी केलं हे. माफ कर बाबा." त्याला शब्द कळले नसतील, पण माझं तोंड बघून सगळं कळलं. त्यानं नुसते आपले तुपकट पंजे माझ्यापुढं धरले, आणि तेच मला जास्त लागलं.

सुनीता मात्र पदर खोचून कधीच बाहेर पळाली होती. भज्यांच्या गाड्यावरून बेसनाची पिशवीच उचलून आणली. "रडताय काय? तुपाची भांडी कधी घासलीत का जन्मात? घ्या, चोळा!" मग मी आणि शेख सर, दोघं मिळून अख्ख्या संघाचे हात बेसनानं चोळायला बसलो. वर गरम पाणी. तूप निघालं.

पण चिकट माल कुठून आणायचा? तेवढ्यात समोरच्या संघाचा कॅप्टन आला. आठ गोलांनी पुढं असलेला माणूस, बरं का! त्यानं आपला डबा अण्णाच्या हातात ठेवला. त्यांनीही आजवर एकही सामना जिंकला नव्हता, त्यांनाही पहिला विजय हवाच होता की. तरी दिला.

मग अण्णा जो खेळला! अहो, चेंडू हाताला असा बसायचा की सोडायचं तोच ठरवणार. आठचे पाच झाले, पाचाचे दोन झाले. कामगार, शाळेची पोरं, भजीवाला, सगळे उभे. बरोबरी झाली तेव्हा शेख सर माझा दंड इतका दाबत होता की वळ उठला. शेवटच्या क्षणी अण्णानं उडी घेतली आणि मी डोळेच मिटले. हॉल एवढा गरजला, की निकाल मला कानांनी कळला.

जिंकले! एका गोलानं जिंकले! अण्णा जमिनीवर बसून लहान पोरासारखा रडत होता, आणि मी त्याच्याहून मोठ्यानं. समोरच्या कॅप्टननंच त्याला हात देऊन उठवलं.

संध्याकाळी बस निघाली. अण्णा खिडकीतून शेख सराशी काहीतरी बोलत होता आणि दोघंही माझ्याकडं बघत होते.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"पुढच्या स्पर्धेला तुझे लेके जाते बोलता. तिकीट, खाना, सब उनका."

माझी छाती फुगली! सुनीताला हाक मारून ऐकवलं. म्हटलं, बघ, चूक झाली तरी पाहुण्याला माया कळतेच. "सर, विचार की त्याला, तिथं माझं काम काय असणार?"

शेख सरानं विचारलं. अण्णानं हसत हसत उत्तर दिलं. अख्खी बस हसली.

"कुछ नहीं रे," शेख सर म्हणाला. "सामनेवाली टीम को जेवायला बुलाने का, बस!"