दूर ठेवलेली खुर्ची

डॉ. प्रमिलाताई खोब्रागडे यांना यंदा पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या या गौरव अंकासाठी मला लिहायला सांगितले, ते योग्यच झाले. त्यांच्या नेपियर टाउनमधल्या दवाखान्यातले चालण्याचे यंत्र मीच दुरुस्त करतो, आणि मोटारीचे काम मी कोणी न शिकवता आपले आपणच उमगून घेतले आहे. पण लिहायला बसलो आणि ध्यानात आले, की ताईंच्या कामातली मुख्य गोष्ट मला अजून उमगलेली नाही.

पहिली ओळख थोरल्या भावामुळे झाली. मनोहरदादा जन्मभर भट्टीवर राबले. पुढे फुफ्फुसांचा जुनाट आजार जडला. धाप लागणाऱ्या माणसाला उठू द्यायचे नाही, ही आमच्या घरची रीत. पाणी हातात, ताट मांडीवर. दवाखान्यातही आम्ही त्यांना उचलूनच नेले.

"काहून उचलून आणलं? पाय गेले काय यांचे?" ताईंनी विचारले.

दादांना काय हवे, तेही त्यांनी दादांनाच विचारले. नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा घाट आपल्या पायांनी उतरायचा आणि चढायचा, दादा म्हणाले. ताईंनी तपासले, औषध दिले, बोटाला प्राणवायू मोजणारे यंत्र लावले आणि खुर्ची उचलून व्हरांड्याच्या टोकाला ठेवली. "चलो दादा, बसायचं तर तिथं." पुढे दर खेपेला खुर्ची थोडी लांब जाई.

मला हे पटेना. तापलेली मोटार आपण बंद करतो. इथे छातीत दाह, म्हणजे आतली सूज, आणि ह्या माणसाला आणखी चालवून राहिल्या! बाहेर रोगी खोळंबले असताना ताईंनी मला समजावले. श्रमाने दाह तेवढ्यापुरता वाढूही शकतो. मात्र नेमाने व्यायाम केला तर राबणारे स्नायू रक्तात असे काही सोडतात, की तो शमावा, असा तर्क आहे. सगळ्यांत तसे दिसतेच असे नाही. मी शब्दकोश घेऊन त्यावरचे इंग्रजी लेख वाचले. त्यातही एकमत नाही.

हिवाळ्यात दादांचा आजार बळावला, तेव्हा ताई स्वतः घरी आल्या. व्यायाम थांबवला आणि पाण्याचा पेला दादांच्या हातात दिला. मी चक्रावलो. आता उठवायचे की निजवायचे? "दोन्ही," त्या म्हणाल्या, "केव्हा काय, ते मला विचारत जा."

पुढे काही महिन्यांनी रक्ततपासणी केली. दाहाचा आकडा पहिल्या तपासणीत होता तिथेच. मी तो अहवाल घेऊन दादांना शोधत होतो, तर ते तिलवाऱ्याहून परतत होते. थांबत थांबत का होईना, घाट ते चढले होते.

"तू रिपोर्ट पाहून राहिला," ते म्हणाले, "मी नर्मदा पाहून आलो."

अहवाल ताईंपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. "पायांत बळ आलं, हे दिसतं. आतल्या दाहाचं मलाही पुरतं ठाऊक नाही, भैया. कळलं की पहिल्यांदा तुम्हाला सांगीन."

ताईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. माझे उत्तर अजून त्यांच्याकडे आहे.

संयोजकांना एक सूचना. समारंभात हार घेऊन मनोहरदादा शेवटच्या रांगेतून व्यासपीठापर्यंत चालत येतील. वेळ लागेल. वाटेत कोणीही खुर्ची पुढे करू नये.