अकराची नोंद

पुलाला लागून पात्रात एक दगडी खांब होता, त्यावर पाण्याची उंची दाखवणारे काळे आकडे रंगवलेले. सव्वीस वर्षं ते आकडे वाचायचं काम एकाच बाईकडे होतं, म्हणून गावानं तिचं नाव पट्टीबाई ठेवलं. काम सोपं. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला पाणी कुठवर आलं ते बघायचं, वहीत लिहायचं आणि कचेरीत फोन करायचा. पूर असला की दर तासाला. पहिल्याच दिवशी साहेबांनी बजावलं होतं, "फक्त आकडा सांगायचा. मत नको." बाईनं ते इतकं मनावर घेतलं, की भाजीत मीठ बरोबर पडलंय का विचारलं तरी "चाखून बघा" म्हणायची.

वेळेच्या बाबतीत तर ती भलतीच हट्टी. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा सहाच्या ठोक्याला उठून पुलावर गेली, आकडा लिहिला, आणि परत येऊन रडायला बसली. नणंदेनं ही गोष्ट कायमची धरून ठेवली. "माझा भाऊ घरात निजवलेला, आणि हिला नदीची पडली होती!" असं ती येईल त्या गिऱ्हाइकाला सांगे. नदीकाठच्या खालच्या गल्लीत तिची लाँड्री होती, म्हणजे ऐकणाऱ्यांना तोटा नव्हता. दोघींचं सख्य विळ्या-भोपळ्याचं.

त्या वर्षी समुद्रात मोठं वादळ उठलं. समुद्र इथून दोन दिवसांच्या वाटेवर, त्यामुळे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. रेडिओनंही सांगितलं, वादळ किनाऱ्यावर आपटून विरलं, आता नुसता पाऊस. 'नुसता' म्हणणाऱ्याला इथं आणून उभं करायला हवं होतं! वारा पडला खरा, पण ढग डोंगरावर बूड टेकून बसले ते हलायला तयार नव्हते. तीन दिवस धो धो. खालची गल्ली टेकाडावरच्या शाळेत हलवावी लागली.

चौथ्या दिवशी सकाळी नऊला पाणी सात मीटरवर होतं. दहाला पाचवर आलं. पुलावर जमलेल्या लोकांनी टाळ्या पिटल्या. पट्टीबाईनं मात्र आकडा तीनदा वाचला. छत्रीवर पाऊस तस्साच आदळत होता, वर डोंगर अजून काळाकुट्ट. पावसात नदी चढते हे शेंबडं पोरही सांगेल, मग एवढं पाणी गेलं कुठे? आणि तिला उमगलं. वर कुठेतरी कडा कोसळून नदी अडली होती, आणि त्यामागे सगळं पाणी तुंबत होतं.

तिनं फोन लावला. "पाच मीटर, साहेब."

"वा! उतरलं म्हणायचं."

"पाऊस चालू असताना उतरलंय. वर काहीतरी अडलंय."

"आकडा कळला, बाई. मत नको." फोन बंद.

पाऊण तासानं कुणीतरी सांगत आलं, पाणी उतरलं म्हणून नणंद लाँड्रीत गेली, आणि तिच्या मागोमाग निम्मी गल्ली. अकराला दहा मिनिटं कमी होती. पट्टीबाई एकदा खांबाकडे वळली. मग वही पिशवीत कोंबून ती खाली पळत सुटली.

नणंद घोटाभर चिखलात उभी राहून कपड्यांची गाठोडी फळीवर चढवत होती.

"वन्सं, चला वर. पाणी परत येणार आहे. सगळं एकदम."

"उतरलेलं पाणी? उगाच घाबरवू नकोस. लोकांचे कपडे आहेत, उद्या तोंड कसं दाखवू? कचेरीनं सांगितलंय का तसं?"

"नाही. मलाच वाटतंय."

नणंद हसणारच होती, पण तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. अकरा वाजून दोन मिनिटं.

"वहिनी, तू इथे कशी? अकराची नोंद?"

"राहिली."

नणंदेच्या हातातलं गाठोडं चिखलात पडलं. पुढचा शब्दही न विचारता ती बाहेर धावली आणि तिनं हाळी दिली. तिच्या तोंडाला गल्ली एरवी वैतागायची, त्या दिवशी त्याच आवाजानं शेवटच्या घरातला माणूस बाहेर काढला.

सगळे शाळेच्या पायऱ्या चढले, तोच पायाखालची जमीन थरथरू लागली. मग ओल्या मातीचा उग्र वास आला, आणि मग नदी आली. घराएवढी उंच, तपकिरी, अख्खी झाडं उभीच्या उभी घेऊन. लाँड्रीचं छप्पर एकदा गर्रकन फिरलं आणि दिसेनासं झालं. सव्वीस वर्षं जिला मीटरमध्ये मोजलं, तिच्यापुढे पट्टीबाईचे हात आपोआप जोडले गेले.

पिशवीतला फोन वाजला. "बाई, आकडा?"

"खांबच नाही, साहेब."

पलीकडून हळूच, "तुम्हाला काय वाटतं? लोकांना खाली कधी सोडावं?"

"आज नको," ती म्हणाली.

नणंद शेजारी येऊन बसली. तिनं वहिनीच्या पिशवीतून वही काढली आणि अकराच्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"माझ्या भावासाठी चुकवली नाहीस. माझ्यासाठी चुकवलीस?"

"ते गेले होते, वन्सं," पट्टीबाई म्हणाली. "तुम्ही होतात."