नानांचा रोल आणि सलीमभाईंची कॅसेट

लग्नाच्या मांडवात फोटोग्राफर ना वराकडचा, ना वधूकडचा. म्हणून दोन्हीकडचे लोक त्याच्यासमोर बिनधास्त भांडतात, रुसतात, रडतात. आम्ही फोटो काढायला जायचो आणि किस्से फुकटात बरोबर यायचे. आता इतके साठलेत की चार माणसं जमली की मला राहवत नाही.

आमचा स्टुडिओ जळगावात. मालक नाना, गळ्यात कायम रोलचा कॅमेरा. नव्वदच्या आसपास लग्नात व्हिडिओचं खूळ आलं, तेव्हा सलीमभाई खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा घेऊन आमच्यात आले. मी हॅलोजनचा दिवा धरायचो आणि नंतर अल्बम चिकटवायचो. सगळे म्हणायचे, नानांचा रोल आता थोड्या दिवसांचा पाहुणा. नानांनी उलट अटच घातली. रोल आणि कॅसेट जोडीनं येतील, नुसती कॅसेट मिळणार नाही!

पाचोऱ्याचे एक कापूस व्यापारी आले. फोटो नको, फक्त व्हिडिओ करा म्हणाले. जमाना बदलला, फोटो कोण बघतं? नानांनी विचारलं, "मग भिंतीवर काय टांगाल? कॅसेट?" व्यापारी तडक उठून समोरच्या स्टुडिओत गेले. सलीमभाई वैतागले. अशी गिऱ्हाइकं हाकलली तर एक दिवस दुकानाला कुलूप लागेल म्हणाले. नाना म्हणाले, लागू दे, किल्ली तर माझ्याकडेच राहील.

*

सलीमभाईंचं आमच्याकडचं पहिलं लग्न. लोकांना सवय फोटोची. अंगावर उजेड पडला की श्वास रोखून बसायचं, एवढंच ठाऊक. पंगतीत वरण-बट्टी वाढलेली. मी दिवा फिरवला आणि अख्खी पंगत घास हातात धरून थिजली. वाढपीसुद्धा वरणाची बादली कलती धरून उभा! सलीमभाई ओरडले, अरे जेवा ना, हला जरा. कोणी हलेना. नंतर टीव्हीवर बघितलं, तर हलत होती ती फक्त एक माशी. नाना खुशीत. जनता अजून रोलच्या बाजूनं आहे म्हणाले.

*

यावलच्या लग्नात दोघांची जुंपलीच. अंतरपाट पडतो तो क्षण दोघांनाही हवा आणि उभं राहायची जागा एकच. नाना सरकेनात, सलीमभाई हटेनात. मंगलाष्टकं संपेपर्यंत नुसती कोपराकोपरी. शेवटी अल्बममध्ये आला सलीमभाईंचा कान आणि कॅसेटमध्ये नानांचं टक्कल. मुलीच्या काकांनी दोन्ही बघून शांतपणे विचारलं, यातला नवरदेव कोणता? त्यानंतर आठवडाभर दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते.

*

धुळ्याजवळच्या खेड्यातले एक आबा एकदा तणतणत आले. पिशवीतून आमची कॅसेट काढली, तर आतली टेप सगळी बाहेर, नुसता गुंताडा! त्यांच्याकडे टीव्ही नव्हता. पण थोरल्याच्या लग्नाची निगेटिव्ह नानांनी त्यांना उन्हात धरून दाखवली होती. आबांनी धाकट्याच्या कॅसेटची टेप ओढून तीही उन्हात धरली, तर सगळी काळीच.

"नाना, बठ्ठं काळं शे," आबा म्हणाले. "मना पोऱ्यानं लगीन कोठे गयं?"

सलीमभाईंनी कपाळावर हात मारून घेतला. नानांनी कपाटातून त्याच लग्नाचे फोटो काढून पुढे ठेवले. आबा एकेका फोटोवरून बोट फिरवत बसले आणि जाताना कॅसेट टेबलावरच विसरून गेले.

*

आणि हे चोपड्याकडचं. दुपारचं लग्न, ऑर्डर वराकडची. मुलीचे वडील गुडघ्यांनी अधू. रीतीप्रमाणे त्यांनी खाली बसून जावयाचे पाय धुतले. नवरदेवाचे मामा आमच्या मागेच उभे होते. मध्ये कोणीतरी आलं, व्हिडिओत नीट आलं नसेल, पुन्हा धुवा म्हणाले. वडील पुन्हा बसले. मग मामांना वाटलं, जावयाचा चेहरा आणि सासऱ्याची वाकलेली पाठ एकदम दिसली पाहिजे. म्हणून आणखी एकदा. नवरदेव मान खाली घालून बसलेला. वडिलांना आता खाली बसता येईना, ते मांडवाच्या खांबाला धरून वाकायला लागले. मुलीकडचं कोणी तोंड उघडेना. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला होता.

"रोल संपला," नाना म्हणाले.

संपू द्या, व्हिडिओ आहे ना, मामा म्हणाले. सलीमभाईंनी नवी कॅसेट नुकतीच, मामांच्या डोळ्यांदेखत घातली होती. त्यांनी कॅमेरा खांद्यावरून उतरवला.

"कॅसेट भी खतम."

मामा माझ्याकडे वळले. मी हॅलोजन बंद केला.

तेव्हा मुलगी उठली. तिनं वडिलांच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि दंडाला धरून त्यांना सरळ उभं केलं. भटजींनी घाईघाईनं पुढचा मंत्र सुरू केला.

अल्बम न्यायला मामा स्वतः आले. पानं उलटता उलटता एका फोटोपाशी थांबले. किंचित अंधारा फोटो. वडील ताठ उभे, शेजारी मुलगी, तांब्या तिच्या हातात.

"तुमचा रोल तर संपला होता ना?" मामांनी विचारलं.

नाना चष्मा पुसत होते.

"तुमच्यापुरता संपला होता."